मळके हात

मुंगीची निवड झाल्याची बातमी घरात आली तेव्हा वहिनी बाळाची नखं कापत होती. बाळ मांडीवर, त्याचा अंगठा तिच्या चिमटीत, आणि आतल्या खोलीतून मुंगी एका पायात चप्पल घालून धावत बाहेर आली. हातातला फोन तिने सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. दक्षिणेकडच्या बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या संशोधन-जहाजावर त्यांच्या प्रयोगशाळेच्या मॅडमबरोबर आणखी एकालाच जाता येणार होतं, आणि मॅडमनी ती जागा मुंगीला दिली होती.

सासूबाई रडायला लागल्या. आनंद झाला की त्या रडत, आणि दुःख झालं की भांडी घासायला घेत, त्यामुळे अर्थ लावायला सोपं जाई. नवऱ्याने बहिणीला उचलून गोल फिरवलं आणि टेबलावरचा पाण्याचा तांब्या पाडला.

"वा, अभिनंदन गं," वहिनी म्हणाली. आवाज अगदी चोख निघाला. मग तिने कात्री बाजूला ठेवली. बाळाच्या अंगठ्याचं नख अर्धवटच राहिलं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ही जागा वहिनीची होती. कागदावर नसेल, पण शब्दाने होती. मुंगी, म्हणजे तिची नणंद, शाळेत वेण्या घालून हिंडत होती तेव्हापासून वहिनी या प्रयोगशाळेत बाटल्या धूत होती. "जहाज मिळालं की तू जाणार," असं मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या. त्या वर्षी जहाज मिळालं नाही. पुढच्या वर्षी मिळालं, तर वहिनीला आठवा महिना होता, आणि आठव्या महिन्यात बर्फाच्या समुद्रात कुणी जाऊ देत नाही. या वर्षी जहाजही होतं आणि पोटही मोकळं होतं. बाळ वरचं दूध प्यायला लागलं होतं, दिवसभर आजीच्या अंगाखांद्यावर मजेत राहायचं. सफर दोन महिन्यांची. वहिनीने मनातल्या मनात सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. बोलून मात्र कुणाला दाखवली नव्हती. मॅडम विचारतील, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ, मग हो म्हणू, असा तिचा बेत होता.

मॅडमनी विचारलंच नाही. नवऱ्याने विचारलं नाही, सासूबाईंनी विचारलं नाही. नऊ महिन्यांचं मूल असलेली बाई समुद्रावर जाणार नाही, हे सगळ्यांना इतकं उघड होतं की विचारणं म्हणजे तिचा अपमानच झाला असता. म्हणून तिचा मान राखून सगळे गप्प बसले.

आणि या मुंगीला प्रयोगशाळेत आणलं कुणी? वहिनीनेच. "माझी नणंद हुशार आहे, घेऊन बघा," असं तिनेच मॅडमना सांगितलं होतं. मुंगी आली आणि पहिल्या आठवड्यात वहिनीचं नाव गेलं. तोवर तिथे सगळे तिला तिच्या नावाने हाक मारत. मुंगी दिवसभर "वहिनी, हे कुठे ठेवू, वहिनी, ते कसं करू" करत मागे फिरायची, ते ऐकून आधी विद्यार्थी, मग शिपाई, मग रसायनं पोचवणारा माणूस, आणि शेवटी मॅडमसुद्धा तिला वहिनी म्हणायला लागल्या. वयाने तिच्याहून मोठे असलेले दाढीवाले संशोधकसुद्धा. सगळ्या प्रयोगशाळेची वहिनी झाल्यावर मग तिला जहाजावर कोण पाठवणार. वहिनी घरी असते.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही खोटं नाही, असं त्या दिवशी भांडी विसळताना वहिनीला वाटलं. आपल्या नणंदेविषयी असं वाटतंय याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल मुंगीचा आणखी राग आला.

त्या प्रयोगशाळेचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे समुद्राच्या पाण्यातले धातू मोजत. लोखंड, तांबं, जस्त. पण इतके कमी, की मोठ्या तळ्याच्या एका काठाला चिमूटभर मीठ टाकावं आणि दुसऱ्या काठाला बसून चव घ्यावी. असं पाणी बाटलीत भरताना सगळ्यात मोठा मळ म्हणजे माणूस. त्याचा घाम, त्याचे केस, त्याच्या खिशातली किल्ली. म्हणून हे काम नेहमी दोघांनी मिळून करायचं. एकाला म्हणायचं स्वच्छ हात आणि दुसऱ्याला मळके हात. बाटली दोन पिशव्यांत घातलेली असते. बाहेरची पिशवी मळके हात उघडतात. दार, नळ, पंप, घसरलेला चष्मा सारखा करणं, सगळं त्यांचंच. स्वच्छ हातांनी फक्त आतली पिशवी उघडायची आणि बाटली धरायची. बाकी जगात कशालाही हात लावायचा नाही. नाकावर माशी बसली तर ती मळक्या हातांनी हाकलायची.

वहिनी पाच वर्षं स्वच्छ हात होती. हातमोजे कसे चढवायचे, बाटलीचं झाकण कुठल्या दोन बोटांत धरायचं, मान कधी वळवायची, हे तिनेच मुंगीला शिकवलं. बाळंतपणाच्या रजेवरून ती परत आली तेव्हा मुंगी स्वच्छ हात झाली होती. "तात्पुरतं तू मळके हात घे," मॅडम म्हणाल्या. तात्पुरतं हा शब्द मोठा चिवट असतो. गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी, की आता वहिनी दारं उघडायची, नळ सोडायची, आणि मुंगी दोन्ही हात छातीशी धरून देवघरातल्या मूर्तीसारखी उभी असायची.

जहाज निघण्याआधी चाचणी ठरलेली होती. समुद्राचं पाणी नाही, नुसतं शुद्ध केलेलं पाणी बाटलीत भरायचं आणि मोजायचं. अशा बाटलीला ते कोरी म्हणत. कोरीत काहीच सापडता कामा नये. काही सापडलं तर ते भरणाऱ्याच्या हातून गेलेलं.

मुंगीच्या कोरीत लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं. जस्त मात्र होतं, आणि चांगलं भरघोस होतं.

मॅडम ओरडत नसत. त्या चष्मा काढून पुसत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "गुरुवारी पुन्हा करू." मुंगीचं तोंड एवढंसं झालं.

नंतर जिन्यात मॅडमनी वहिनीला गाठलं. "गुरुवारीही असंच झालं तर हिला नेता येणार नाही मला. एवढ्या लांब जायचं आणि आपलंच जस्त भरून आणायचं, कशासाठी? तुझं मूल लहान नसतं तर मी तुलाच नेलं असतं."

"बघू ना मॅडम," वहिनी म्हणाली. "तशी वेळ आली तर जमवता येईल."

मॅडम जराशा थबकल्या. "बरं," म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

तेवढ्या एका 'बरं'वर वहिनी घरी तरंगत गेली. बसमध्ये उभं राहायला लागलं, कुणीतरी पायावर पाय दिला, तरी तिला काही वाटलं नाही. मुंगी शेजारी उभी राहून डोळे पुसत होती. वहिनी तिच्या खांद्यावर थोपटत होती, आणि मनातल्या मनात जहाजाची बॅग भरत होती. माणसाने इतकं वाईट असू नये, पण असतं.

घरी आल्याबरोबर मुंगीने चेहरा धुतला आणि भाच्याला उचललं. भाच्याला सगळे बोका म्हणत, कारण तो दूध संपलं की मिशा असल्यासारखा ओठ चाटायचा. बोक्याला दात येत होते, पोट बिघडलं होतं, आणि लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ उठलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्याची साफसफाई मुंगीने आपल्याकडे घेतली होती. "मी दोन महिने नसणार, आता तरी करू दे मला," असं ती म्हणे. बोकाही लबाड. आईने लंगोट बदलला तर भोकाड पसरायचा, आत्याने बदलला तर पाय हवेत उडवून हसायचा. वहिनीला त्याचाही राग यायचा. जहाजही हिचं आणि पोरगंही हिचंच.

मुंगीने त्याला पालथा केला आणि पांढऱ्या नळीतलं मलम बोटांवर घेऊन थापायला सुरुवात केली. डॉक्टरांनी जाडसर लावायला सांगितलं होतं. तिच्या बोटांना, मनगटाला, बाहीला पांढरं लागलं. बोक्याने पाय झाडला तेव्हा तिच्या गालालाही लागलं. तिने हात धुतले, पण ते मलम पाण्याला दाद देत नाही. भिंतीला चुना लावावा तसं ते कातडीला धरून बसतं.

वहिनी दारात उभी होती. नळी चटईवर तिच्या पायाशी पडली होती. तिने ती उचलली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव होतं झिंक ऑक्साइड. म्हणजे जस्त. पाच वर्षं जी बाई जस्ताच्या मागे लागली होती, तिच्या घरात जस्ताची नळी लोळत होती आणि तिला आज कळलं.

सगळं तिला एका दमात दिसलं. हातमोजे चढवताना मुंगीची बोटं मोज्याला बाहेरून लागतात. बोटांवर मलम. मोज्यावर मलम. बाटलीत जस्त.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. 'अगं मुंगे, या मलमात जस्त आहे, चार दिवस बोक्याला हात लावू नकोस.' वहिनीने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "बघ बाई, आत्याच्या हाताला कसा गुण आहे. आईकडे हा असा राहत नाही."

वहिनीने तोंड मिटलं आणि नळी फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं की आपल्याला नक्की कुठे ठाऊक आहे, नुसता अंदाज आहे, आणि अंदाजावर बोलू नये असं मॅडमच सांगतात. तिसऱ्या दिवशी तिने ठरवणंच सोडलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं तिने चालवलं होतं. मूग गिळून बसायचं आणि वर स्वतःला सांगायचं, मी काहीच केलेलं नाही.

गुरुवारी सकाळी मात्र तिने केलं. मुंगी घाईत होती. केस बांधून, डबा भरून निघायच्या तयारीत. बोका किरकिरत होता. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती.

"मुंगे, जाता जाता त्याला मलम लाव गं. माझे हात खरकटे आहेत."

"आले," म्हणत मुंगी पिशवी टाकून गेलीसुद्धा.

वहिनीचे हात खरकटे नव्हते. वाक्य बोलून झाल्यावर तिने ते सिंकमधल्या ताटात बुडवले, निदान बोललेलं खोटं पडू नये म्हणून.

दुसऱ्या कोरीत जस्त आधीपेक्षा जास्त निघालं. मॅडमनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मुंगी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसली आणि पांढरा कोट तोंडावर घेऊन रडली. वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली. जायलाच हवं होतं, ती वहिनी होती.

"वहिनी, माझ्याच अंगात काहीतरी आहे का गं?" मुंगी कोटाच्या आतून म्हणाली. "काही लोकांच्या घामातच धातू जास्त असतात म्हणे. मी किती घासून धुते हात, तू बघतेस ना? मग माझ्याच वेळी का?"

"असं काही नसतं गं," वहिनी म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खाई त्याला खवखवे. त्या क्षणी तिने सांगितलं असतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण दार उघडून मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी जोडी उलटी करू. वहिनी, तू स्वच्छ हात. जमलं तर तूच चल."

झालं. ओठांवर आलेलं पुन्हा पोटात गेलं.

आता वहिनीची गंमत बघा. तिला रोग ठाऊक होता, त्यामुळे पथ्यही ठाऊक होतं. शनिवारी सकाळपासून तिने बोक्याला हात लावला नाही. आधी अंगभर घासून आंघोळ केली, नखं मुळापर्यंत कापली, स्वतःचे कपडे वेगळे धुतले, उशीचा अभ्रा बदलला, आणि बाहेरच्या खोलीत गादी टाकली. घरात सांगितलं की सोमवारची चाचणी आहे, झोप हवी. सगळ्यांना पटलं.

बोक्याला पटलं नाही. तो रांगत तिच्या पायाशी यायचा, गाऊनला धरून उभा राहायचा आणि दोन्ही हात वर करायचा. वहिनी हात पाठीमागे बांधून उभी राहायची. तो आधी हसायचा, त्याला तो खेळ वाटायचा. मग त्याचा खालचा ओठ बाहेर यायचा.

"अगं घे की त्याला," सासूबाई म्हणाल्या. "दगड आहेस का?"

"सोमवारी घेईन, आई."

"सोमवारी म्हणे. तो काय किराणा आहे?"

मुंगी पुढे झाली आणि तिने रडणाऱ्या बोक्याला उचललं. "असू दे गं आई, वहिनीला त्रास नको. मी आहे ना." वहिनीला मुंगीचा जितका राग तेव्हा आला तितका जहाजाच्या बातमीच्या दिवशीही आला नव्हता. मुलाला उचलून नेणारा तिचा तो चांगुलपणाच वहिनीला सोसत नव्हता. आणि आपण मात्र हात बांधून उभ्या. पण तिने हात सोडले नाहीत. बर्फाचा समुद्र तिला हवाच होता. तो पांढरा, थंड, कुणी वहिनी म्हणून हाक न मारणारा समुद्र तिला इतका हवा होता, की दोन दिवस पोटच्या पोराला रडू द्यायची तिची तयारी होती.

सोमवारी वहिनीने स्वच्छ हात छातीशी धरले. मुंगीने दारं उघडली, नळ सोडला, बाहेरची पिशवी फाडली. काम मुकाट्याने, नीट केलं. मळके हात म्हणूनही ती चांगलीच होती.

कोरी कोरी निघाली. लोखंड नाही, तांबं नाही, जस्त नाही.

मॅडम हसल्या. असं वर्षातून एखाद्या वेळी होई. मुंगीने वहिनीला मिठी मारली, खरोखर मारली, आणि वहिनी त्या मिठीत लाकडासारखी उभी राहिली.

"शाबास," मॅडम म्हणाल्या. "आता सांग, काय वेगळं केलंस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. या प्रश्नाचा विचार वहिनीने केलाच नव्हता. बाटली स्वच्छ निघेल इथवर तिने सगळं योजलं होतं, आणि पुढे आपल्याला कुणी विचारेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सवयच नव्हती ना कुणी विचारायची.

"काळजी घेतली, मॅडम."

"हिनेही घेतली होती. कसली काळजी ते सांग. जहाजावर मलाही तेच करावं लागेल. कशामुळे ते कळत नाही तोवर ही बाटली स्वच्छ नाही, नुसती नशीबवान आहे."

वहिनी हातमोजे सारखे करत राहिली. मुंगी मात्र हाडाची विद्यार्थिनी, ती बोटांवर मोजायला लागली. "मोजे तेच. कोट तोच. पिशव्या त्याच गठ्ठ्यातल्या. पाणी तेच. साबण आमच्या घरचा, दोघींचा एकच. वेगळं काहीच नाही मॅडम. घरी फक्त वहिनी बाहेर झोपली आणि बोक्याला दोन दिवस..."

ती थांबली. मग आपल्या बोटांकडे बघायला लागली.

"बोक्याचं मलम," ती म्हणाली. "वहिनी, त्यात झिंक असेल का गं?"

"असतं," वहिनी म्हणाली.

फार पटकन म्हणाली. मुंगीला हिशेब मांडायला वेळ लागला नाही, शिकवलेली वहिनीनेच होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या चाचणीच्या संध्याकाळी कळलं."

"म्हणजे गुरुवारी सकाळी तू मला..."

"हो."

मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. यावं असं वहिनीला वाटत होतं. "का?" तिने विचारलं.

"मला जायचं होतं."

"मग म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर तू जागा सोडली असतीस?"

मुंगीने विचार केला. तिच्यासारखी मुलगी उगाच उत्तर देत नाही. "नाही," ती म्हणाली. "नसती सोडली. पण मी तुझ्या बाटलीत जस्त नसतं टाकलं."

मॅडमनी चष्मा काढून हातात धरला होता, पुसला नव्हता. "मला तरी सांगायचंस," त्या वहिनीला म्हणाल्या.

"तुम्ही मुंगीला विचारलंत, मॅडम. मला नाही विचारलंत. कुणीच नाही विचारलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं. मी परस्पर धरून चालले. विचारलं असतं तर बहुतेक तूच गेली असतीस. ती चूक माझी, आणि मला ती लागणार आहे. पण आता नाही. हात मळलेले असले तर मी जहाजावर धुऊन घेईन. ज्याला मळ दिसतो आणि जो बोलत नाही, त्याचं मी काय करू?"

दैव देतं आणि कर्म नेतं. वहिनीने हातमोजे काढले, आतून बाहेर उलटे, जसे काढायचे असतात तसे, आणि डब्यात टाकले.

घरी मुंगीने काही सांगितलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, "मलमामुळे होत होतं सगळं. वहिनीमुळे कळलं. मीच जाणार." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सासूबाई गहिवरल्या. "बघ, म्हणून घरात मोठं माणूस असावं. हिला स्वतःला जायचं नाही, तरी तुझ्यासाठी किती जीव टाकला. दोन दिवस पोराला घेतलं नाही बिचारीने."

वहिनीने हातातला घास ताटात ठेवला. मुंगी ताटात बघत होती. ती काही बोलणार नाही हे वहिनीला दिसत होतं. आयुष्यभर नाही. आणि हे उपकार आपल्याला रोज जेवणाबरोबर गिळावे लागतील हेही दिसत होतं.

"मला जायचं होतं, आई," वहिनी म्हणाली. "मलमाचं मला आधीच कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. मुंगीचं नाव कटावं म्हणून."

नवऱ्याचा हात वाटीत तसाच राहिला. "अगं, मला एकदा तरी सांगायचंस."

"तू एकदा तरी विचारायचंस."

सासूबाई उठल्या. आपलं ताट उचललं, मग मुलाचं अर्धं भरलेलं ताट त्याच्यासमोरून उचललं, आणि आत जाऊन घासायला बसल्या. जेवण राहिलंय असं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

पुढचे दिवस जसे जायचे तसे गेले. वहिनीने मुंगीची माफी मागितली. मुंगी "बरं" म्हणाली. 'बरं' म्हणजे 'सोडून दिलं' नव्हे, हे दोघींना कळत होतं. मुंगीने बोक्याला हात न लावता पुन्हा चाचणी दिली, तिची कोरी स्वच्छ निघाली. मग जाड मोजे आले, लोकरीच्या टोप्या आल्या, पाण्यातसुद्धा न भिजणारे बूट आले. वहिनीने तिला सामान भरायला मदत केली, आणि पिशवीत जाणाऱ्या प्रत्येक मोज्याचा तिला हेवा वाटला. तो तिने आता लपवला नाही. "बूट फार छान आहेत, मला बघवत नाहीत," असं ती सरळ म्हणाली, आणि मुंगी म्हणाली, "मग नको बघूस." त्या दोघींत इतकं खरं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

निघायच्या दिवशी टॅक्सी फाटकाशी येऊन उभी राहिली. सामान पायरीवर काढून ठेवलेलं होतं. चाचण्या झाल्या होत्या, पुरळही मावळलं होतं, आता मलमाची भीती नव्हती, म्हणून मुंगीने बोक्याला वहिनीच्या कडेवरून घेतलं आणि त्याच्या मानेत नाक खुपसून उभी राहिली. बोका तिचे केस ओढत होता. ती रडायला लागली.

"वहिनी, खरं सांगू?" ती म्हणाली. "आत्ता मला तुझाच हेवा वाटतोय. हा आता उभा राहतोय. मी येईन तोवर चालायला लागेल. पहिलं पाऊल तू बघशील. मी तिथे बर्फाकडे बघत बसेन. तूच नशीबवान आहेस बघ."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याने उगाच फाटकाची कडी सारखी केली. त्या वाक्याने सगळ्यांच्या जिवाला बरं वाटलं. झालं गेलं मिटलं, ज्याचं त्याला मिळालं, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उतरलं.

"मग बदलूया?" वहिनी म्हणाली.

मुंगीने मान वर केली.

"गाडी अजून सुरू झालेली नाही," वहिनी म्हणाली. "बूट मला येतात. मॅडमना मी आत्ता फोन करते. तू राहा याच्यापाशी, पहिलं पाऊल बघ. मी जाते."

ती थट्टा करत नव्हती. तिच्या पायांत चप्पल होती, केस बांधलेले होते. मुंगीने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि ते तिला कळलं.

मुंगीने बोक्याच्या मुठीतून आपले केस सोडवले. त्याला वहिनीच्या हातात दिलं, जरा घाईनेच दिलं, आणि बॅग उचलून टॅक्सीत जाऊन बसली. दार लावून घेतलं. टॅक्सी निघाली, रस्ता संपेपर्यंत सरळ गेली आणि कोपऱ्यावर वळली. मुंगीने मागे वळून पाहिलं नाही. वहिनी तिच्या जागी असती तर तिनेही पाहिलं नसतं.